नेडीन पैज हरते

“हा चिखलाचा रस्ता काउंटी ताब्यात घेणार?” नेडीन म्हणाली. “त्याआधी माझ्या कोंबड्या दूध देतील.”

पेंडीच्या दुकानात शेगडीभोवती बसलेली मंडळी खिदळली. गार्लंड टीगचे कान लाल झाले. नेडीनला तेच हवं होतं. अर्धं आयुष्य काउंटरमागे काढल्यावर कुणाचा कान पिळला की कोण बोंबलतो, हे तिला पाठ झालं होतं. गार्लंडचं तर फार सोपं. ‘तुला जमायचं नाही’ म्हटलं, की गडी डोंगर खणायला घेणार.

“लाव पैज,” तो म्हणाला.

“लावली. काउंटी घेईल असा रस्ता बांधून दाखव. पण सबंध रस्ता हं. हायवेपासून ओढ्यापर्यंत. तुझ्या दारात संपवलास तर हरलास.”

“आणि तू हरलीस तर?”

“तर नाइटगाउन घालून, डोक्याला टर्कीची पिसं खोवून, डबा बडवत सगळा रस्ता चालेन. दर वळणावर ओरडेन, गार्लंड टीग या काउंटीतला सगळ्यात हुशार माणूस. तू हरलास तर हेच तू करायचं, माझ्या नावाने. नाइटगाउन मी देईन.”

“डेल्मर, तू साक्षीदार,” गार्लंडने बजावलं.

डेल्मर म्हणजे काउंटीच्या, म्हणजे सरकारी रस्त्यांचा मुकादम. त्याने कॉफीच्या कपावरून नेडीनकडे एकदा पाहिलं आणि उरलेली कॉफी संपवली.

गार्लंड शहरात ट्रक विकून गब्बर झाला आणि इथे येऊन ओढ्याकाठची जमीन घेऊन बसला. पहिलं काम काय केलं, तर रस्त्यात लोखंडी फाटक ठोकलं. तोवर सगळं खोरं त्या वाटेने ओढ्यावर जायचं. नेडीन आणि तिचा थोरला भाऊ व्हर्जिल तर तिथल्या सिकमोरच्या झाडाखालीच वाढले. पुढे लाकडाच्या गिरणीत व्हर्जिलची फुप्फुसं गेली. शेवटी शेवटी तो एवढंच म्हणाला, “एकदा पाण्यापाशी ने गं. अर्धा तास बसतो.”

नेडीनने त्याला पिकअपमध्ये घालून नेलं. गार्लंड फाटकापाशी आला, पण कुलपाला हात लावीना. “उद्या कोण पाय घसरून पडलं, तर कोर्टात मी उभा राहायचं. जमणार नाही.”

“फिरव गाडी,” व्हर्जिल खोकत म्हणाला. “साहेबांना कशाला त्रास.”

पानं गळायच्या आत तो गेला. जाताना सिकमोरखाली ठेव म्हणाला होता, पण त्याची राख कॉफीच्या डब्यात फ्रिजवरच राहिली. नेडीनला रात्री कुंपणाखालून शिरता आलं असतं. पण भावाला चोरासारखं न्यायचं? छट. तो राजरस्त्याने जाईल आणि तो रस्ता गार्लंड टीग स्वतःच्या हाताने बांधून देईल. रोज सकाळी ती डब्याला सांगायची, “थांब जरा. खणतोय.”

गार्लंड खणतच होता. डेल्मरने त्याला अटी सांगितल्या होत्या. दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंदी. दोन्ही अंगांना चर. पाणी आडवं जातं तिथे खालून पाइप. रस्त्याची पाठ मधोमध उंच, म्हणजे पाणी साचायला नको. शेवटी काउंटीचा ग्रेडर, ते रस्ता सपाट करायचं यंत्र, वळवायला मोकळी जागा. आणि रस्त्याखालची पट्टी प्रत्येक जमीनमालकाने काउंटीला द्यायची.

“दिली म्हणजे कायमची दिली,” डेल्मर म्हणाला होता.

“घ्या की. खडी तुमची, खड्डे तुमचे. मला आणखी काय पाहिजे?”

“अजून एक आहे. तुझं ते...”

“अरे, मला नको शिकवू. जन्मभर ट्रक विकलेत मी.”

डेल्मरने खांदे उडवले.

उन्हाळाभर नेडीन जाता-येता पिकअप हळू करायची. “दमलास? सोड रे, कुणाला सांगणार नाही मी.” तेवढ्यावर गार्लंड अंधार पडेपर्यंत राबायचा. त्याची कंबर धरली. बायको दोन वेळा माहेरी जाऊन आली. पण पाइप बसले, चर निघाले.

एका दुपारी तो यंत्र घेऊन थेट सिकमोरपाशी पोचला. ग्रेडर वळायची जागा तिथेच करायची होती. “हे झाड आडवं करतो,” तो म्हणाला.

नेडीनच्या तोंडचं पाणी पळालं. झाड नको पाडूस म्हटलं असतं, तर त्याने मुद्दाम पाडलं असतं. ती जांभई देत म्हणाली, “पाड की. एवढ्या झाडाला वळसा घालून रस्ता काढणं तुझ्या बापाला जमायचं नाही.”

गार्लंडने झाडाला वळसा घातला.

मग तो तिच्या जमिनीतल्या पट्टीसाठी सही मागायला आला. “रडीचा डाव नको हं, नेडीन.” तिने पेन हातात घेतलं, मोठा सुस्कारा सोडला, सही केली. तो पायऱ्या उतरेपर्यंत फ्रिजकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. हसू फुटलं असतं.

काउंटीच्या बैठकीत रस्ता मंजूर झाला. गार्लंडने सगळ्या गावाला डोनट वाटले.

रविवारी चर्च सुटल्यावर गाव हायवेवर जमलं. नेडीन आली ती फुलाफुलांच्या नाइटगाउनमध्ये, डोक्यावर पिसं, हातात कॉफीचा डबा आणि लाकडी डाव. लोक हसून हसून वाकले. मागे डेल्मरचा ग्रेडर घरघरत येत होता. वरात फाटकापाशी थांबली.

गार्लंडने ऐटीत किल्ली काढली. “आजच्या दिवस सगळ्यांना सोडतो. एकदाच.”

“एकदाच का?” डेल्मर पाना घेऊन उतरला. “हे काढायचंय. काउंटीच्या रस्त्यावर फाटक चालत नाही.”

“फाटक माझं आहे.”

“तुझंच आहे. घरी घेऊन जा. रस्ता आमचा.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?”

“सांगत होतो. तू ट्रक विकत होतास.”

गार्लंड नेडीनकडे वळला. पिसांच्या खाली तिचा चेहरा अगदी भोळा होता.

“चला ना साहेब,” ती म्हणाली. “जिंकलात तुम्ही. वसूल नको करायला?”

बिजागऱ्या निघाल्या. फाटक गवतात आडवं झालं. नेडीन त्याच्या शेजारून पुढे गेली, दर वळणावर गार्लंडच्या हुशारीची आरोळी ठोकत.

“डबा नीट बडव,” तो मागून गुरकावला. “आवाज कसला बसका येतोय?”

“भरलेला आहे,” नेडीन म्हणाली. “रिकामा असता तर तुमच्यासारखा वाजला असता.”

डेल्मरने ग्रेडर बंद केला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मग एकेकाने काढली. गार्लंडला सगळ्यात शेवटी उमगलं. कुलूप हातात धरून तो नव्या चरापाशी उभा राहिला.

सिकमोरखाली नेडीन पाण्याकडे तोंड करून बसली. डबा मांडीवर. अर्धा तास कुणी तिला हाक मारली नाही.

शेवटच्या वळणाची आरोळी अजून बाकी होती. तिने पिसं काढून बाजूला ठेवली, झाकण उघडलं आणि ती आरोळी डब्यात हळूच सांगितली.