टपालची सुट्टी

दुपारी बारा वाजता मुलींचं वसतिगृह सुट्टीसाठी बंद झालं आणि सव्वाबाराला एक वडील मुलीला न्यायला फाटकाशी येऊन उभे राहिले. मुलगी आत होती. तिला जायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या या मुलीला मैत्रिणी टपाल म्हणतात. तिचे आईवडील एकाच घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आई स्वयंपाकघरात, वडील पुढच्या खोलीत आणि मधे ही. "तुझ्या बाबांना सांग, नळ गळतोय." "तुझ्या आईला सांग, मला कान आहेत." मागच्या सुट्टीत तिने इतके निरोप पोचवले, की परत आल्यावर आठवडाभर ती कुणाशीच बोलली नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवायची. पुढच्या सुट्टीत हिला इथेच ठेवून घ्यायचं, हे रेक्टरबाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं.

वसतिगृहाचा नियम असा, की सुट्टीत काम असेल तरच मुलीला राहता येतं. काम आहे असं कुणीतरी कर्मचाऱ्याने सांगायचं. ते खरंच आहे का, हे कुणी विचारत नाही. ज्यांना घरी जाववत नाही अशा मुली इथे याच आधारावर राहत आल्या आहेत. एकीने तर मासे नसलेलं मत्स्यालय अख्खी सुट्टी सांभाळलं होतं.

टपालनेही वडिलांना फोनवर 'काम आहे' एवढंच सांगितलं होतं. कोणतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

फाटकाशी वडिलांना कॉलेजच्या प्रयोगशाळेतले काका भेटले. "तिची काही सुटका नाही बघा," काका म्हणाले. "सगळे मायक्रोस्कोप पुसायचेत. हात हलका आहे तिचा."

पुढे व्हरांड्यात ग्रंथपाल आडवे आले. "फाटकी पुस्तकं चिकटवायला घेतलीत. तिच्यावाचून अडलंय आमचं."

कार्यालयात रेक्टरबाईंनी वडिलांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायला दिलेत तिला."

वडिलांनी सावकाश पाणी संपवलं. "भिंगं ती पुसणार, पुस्तकं ती चिकटवणार, पडदे ती शिवणार. मग बाई, तुम्ही सगळे इथे करता काय?"

बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"आणि तिला सुईत दोरा ओवता येत नाही. अजून बटण तुटलं की आईकडे धावते."

मागोमाग आलेले काका आणि ग्रंथपाल दारातच एकमेकांकडे बघत राहिले.

"मला वाटलं, काम सांगायचं तुम्ही विसरलात," ग्रंथपाल कुजबुजले.

"मी विसरेन? ते मत्स्यालय कुणाच्या डोक्यातून निघालं होतं?"

"गप्प बसा हो दोघं!" रेक्टरबाई म्हणाल्या आणि वडिलांकडे वळल्या. "काम काही नाही. ती घरी आली की दिवसभर तुम्हा दोघांचे निरोप पोचवते. मागच्या वेळी इथे परत आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून तिला ठेवून घेतोय."

वडिलांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला, परत उचलला. "ती नसली की घरात कुणी एक शब्द बोलत नाही, बाई. मागे गॅस संपला, तो मला दोन दिवसांनी कळला. मला वाटलं, ही रागाने स्वयंपाक करत नाहीये."

काकांना हसू आवरलं नाही. त्यांचं बघून ग्रंथपाल हसले आणि मग वडीलही, जरा उशिराने.

तेवढ्यात टपाल आत आली. "बाबा, मी येत नाहीये."

"हा कुणाचा निरोप?" वडिलांनी सवयीने विचारलं.

"माझा."

यावर वडील काही बोलणार, तोच टेबलावरचा फोन वाजला. रेक्टरबाईंनी उचलला. मुलीची आई होती.

"हे पोचले का तिथे? जेवलेत का, एवढं मुलीला विचारायला सांगा हो. आणि निघणार कधी, तेही."

रेक्टरबाईंचा रिसीव्हर धरलेला हात आपसूक मुलीकडे गेला. टपालने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मान हलवली. मग बाईंनी रिसीव्हर वडिलांपुढे धरला.

"तुमच्यासाठी आहे."

वडिलांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती खिडकीतून बाहेर बघत होती. रिसीव्हर त्यांनी घेतला आणि कानाला लावला. काका दबक्या पावलांनी चहा सांगायला गेले; किती कप, हे विचारायलाही थांबले नाहीत.

पाऊण वाजता वडील तसेच उभे होते. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, तो रेक्टरबाईंनाही ऐकू आला. दोघांपैकी कुणी अजून बोललेलं नव्हतं. फोनही कुणी ठेवलेला नव्हता.