मामाजींचा उस्ताद

"बाबा, तुमचा उस्ताद छपरावरून पडला," आमचे हे हळूच म्हणाले. "पण एक काम करा. कवड्या पुन्हा टाका."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सतरंजीवरच्या कवड्यांकडे बघत राहिले. साऱ्या पालथ्या. शेजारचा ओमप्रकाश भज्यांची बशी मांडीवर घेऊन बसला होता, तोही चावायचा थांबला. एरवी तो सहसा थांबत नाही.

खेळ ह्यांच्याच डोक्यातून निघालेला. गांधीबागेच्या कापडबाजारात दिवसभर कापड मोजणारा माणूस, पण टॉकीजला चिनी मारामारीचा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी हजर. बांबूच्या शेंड्यांवरून चालणारे ते तलवारबाज ह्यांच्या डोक्यातच जाऊन बसले. कापडाच्या ताग्यांतून निघालेल्या पुठ्ठ्यांवर हे डोंगर, मठ, धर्मशाळा काढू लागले. प्रत्येकाने एक तलवारबाज व्हायचं, तो काय करतो ते तोंडाने सांगायचं, मग कवड्या टाकायच्या. जास्त उताण्या पडल्या तर जमलं. साऱ्या पालथ्या पडल्या तर मेला, आणि मेला तो खेळातून उठला. मला आधी वाटलं, ह्यांना येड लागलं. आता भाकरी थापतानाही मी मनातल्या मनात छपरांवरून पळत असते, ते जाऊ द्या.

खरी गंमत मामाजींची. जुने पहिलवान. एका कुस्तीत गुडघा गेला, तेव्हापासून घरात आखाड्याचं नाव काढायची सोय नव्हती. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायचे. मी रोज तेल कोमट करून द्यायची, तेव्हाही 'हूं'च्या पुढे शब्द नाही. एका रविवारी हे उडीचा नियम वाचत होते, तर खाटेवरून आवाज आला, "हवेत उडून कोणी कुस्ती मारते काय?" थोड्या वेळाने पुन्हा, "पण उडाच्या आधी पाय कुठं रोवते तो?"

त्या दिवसापासून खेळातले अर्धे डाव मामाजींनी सांगितलेले. आणि लंगडत चालणाऱ्या मामाजींचा तलवारबाज, त्यांचा 'उस्ताद', साऱ्यांत उंच उडायचा.

तो आता पडला होता. मामाजी उठणार, खाटेवर जाणार आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. मला ते नको होतं. देवाशपथ नको होतं.

"टाका न बाबा," हे म्हणाले. "नियम माहाच आहे. मी बदलवतो."

"काहून? चीत झालेल्याले पंच पुन्हा लढू देते काय?"

"घरचाच खेळ हाय न, काका," ओमप्रकाश म्हणाला. "कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो."

मामाजी भिंतीला हात देऊन उठले. पण ते खाटेकडे गेले नाहीत. लंगडत अंगणातल्या तुळशीपाशी गेले, चिमूटभर माती घेतली आणि परत आले.

"उस्ताद मेला, तर त्याचं बळ कुठं जाते?" त्यांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी नियमांची वही पुढे ओढली.

"पठ्ठ्याले जाते. लिहून घे."

ओमप्रकाशने लगेच कपाळ पुढे केलं.

"तू भजे खाय," मामाजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "डोकं पुढं कर वं, इंदू."

मी गांगरलेच. आखाड्याची माती बायकांनी शिवायचीही नसते, आणि ही तर उस्तादाने पठ्ठ्याला माती लावायची रीत. मी पदर सारखा करून मान वाकवली. मामाजींनी माझ्या कुंकवाच्या वर अंगठ्याने माती ओढली.

"आता तुम्ही खेळातून उठाल, मामाजी?" मी विचारलं.

"उस्ताद कुठं जाते? कडेले बसते, पठ्ठ्याले सांगते." ते कण्हत माझ्या मागे बसले. "हं. पाय कुठं रोवला, ते सांग आधी."

"डावा पाय कौलाच्या काठावर," मी म्हणाले आणि कवड्या उचलल्या. तुळशीला सकाळीच पाणी घातलं होतं, माती ओली होती. ती नाकाकडे ओघळत आली. मी पुसली नाही.