ट्रेमध्ये उरलेली पिन

फोरमन होऊन लांब्याला आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस त्याच्या पोटातला गोळा काही हलला नव्हता. लिफ्टच्या कामात उंच माणसाचे हाल फार. गच्चीवरच्या मशीनच्या ठेंगण्या खोल्यांत डोकं आपटून आपटून त्याच्या कपाळावर कायमचं टेंगूळ आलं होतं. तेव्हापासून तो लांब्या, आणि फोरमन झाला म्हणून काही त्याची उंची कमी झाली नव्हती.

बढती दिली त्याच दिवशी कंपनीनं त्याला एका थंडगार हॉलमध्ये बसवून ‘हाताखालच्या माणसांना साहेब आवडतो तो का’ यावर अडीच तासांचं व्याख्यान ऐकवलं होतं. बोलणाऱ्या गृहस्थानं जन्मात पाना हातात धरला नसावा, पण बोलला फर्डा. लांब्यानं सगळं टिपून घेतलं आणि तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला. हसतमुख राहा. माणसांवर विश्वास दाखवा. चूक चारचौघांत काढू नका. बायकोनं तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “काम कधी करायचं ते मागच्या बाजूला लिहिलंय का?”

आठ दिवस लांब्या इतका हसला की त्याचा जबडा दुखायला लागला. वायरिंग बघणारी ताई एकदा म्हणालीसुद्धा, “दात दुखतोय का रे?” आणि टोळीतले सगळ्यांत जुने मेकॅनिक दादा तर आठ दिवस त्याच्याशी कामापुरतंही धड बोलले नव्हते.

खरी बोच तीच होती. दादांनीच त्याला पाना धरायला शिकवलं होतं. बारा वर्षांपूर्वी पहिलं वर्षभर लांब्यानं दुसरं काहीच केलं नव्हतं. दादा काम करायचे आणि हा त्यांच्या खांद्यावरून टॉर्च धरायचा. म्हातारा फोरमन निवृत्त झाल्यावर ती खुर्ची दादांचीच असं सगळेच धरून चालले होते. मिळाली लांब्याला. माणूस रुसणारच, असं लांब्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि तो दादांसमोर नुसता मांजर होऊन वावरत होता.

आज काम होतं सहा मजली दवाखान्यात, लिफ्टचे ब्रेक बदलण्याचं. सकाळपासून लिफ्ट बंद. जिन्यावरून दोन माणसं एका आजोबांना खुर्चीत बसवून उतरवत होती आणि आजोबा दर पायरीला “सांभाळून रे बाबांनो” म्हणत होते. चार वाजता लिफ्ट चालू करून देण्याचा शब्द लांब्यानंच दिला होता. दवाखान्याचा व्यवस्थापक दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळाकडे बघायचा आणि लांब्या त्याच्याकडे बघून हसायचा.

ब्रेकला दोन हात असतात. डावा लांब्यानं बसवला, उजवा दादांनी. प्रत्येक हाताला दोन नट आणि प्रत्येक नटाला एक स्प्लिट पिन. दुमडलेल्या तारेसारखी दिसणारी ही पिन नटाच्या भोकातून आरपार घालायची आणि पलीकडे निघालेल्या तिच्या दोन पाकळ्या पकडीनं बाहेर वळवायच्या, म्हणजे नट सैल होत नाही. चीज एवढीशी, पण भरलेली लिफ्ट शेवटी तिच्यावर थांबते.

पावणेचारला तिघं खाली आले. सामान आवरताना ताईनं ट्रे पुढं केला. काढलेल्या जुन्या, गंजलेल्या पिना चार. आणि त्यांच्या शेजारी एक नवी कोरी.

लांब्यानं पिना पुन्हा मोजल्या. चार काढल्या, चार घालायला हव्या होत्या.

“पाकिटात पाच असतील,” ताई म्हणाली. “भरतात ते कमीजास्त.”

“पाकीट कुठंय?”

“कचऱ्यात गेलं. कचरा मगाशीच उचलला.”

दादा जमिनीकडे बघत हात पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. ते बघून लांब्याची खात्री पटली. राहिली ती दादांचीच. महिनाभरापासून त्यांचे हात चाचपडतात, हे त्यानं दोनदा पाहिलं होतं आणि दोनदा पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

आता करायचं काय? ‘दादा, तुमची बघून येतो’ म्हटलं तर शिकवणाऱ्या माणसाचं तोंड चारचौघांत काळं केल्यासारखं होणार. पाच होत्या म्हणावं तर या लिफ्टमधून स्ट्रेचर जाणार. त्याला म्हातारा फोरमन आठवला. तो हसायचा फार क्वचित, शिव्या मात्र सढळ हातानं द्यायचा आणि तरी माणसं त्याच्यासाठी जीव टाकायची. दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये पहिली फेरी तो स्वतः मारायचा, एकटा. आणि सामान उरलं तर ‘कुणाचं’ असं कधीच विचारायचा नाही. “कुठलं उरलं?” एवढंच विचारायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतः जिना चढायचा.

“माझ्या दोन बघून येतो,” लांब्या म्हणाला. “घाईत माझीच राहिली असेल.”

पहिल्या तीन मजल्यांपर्यंत त्याला आपल्या या चतुराईचं कौतुक वाटत होतं. वर गेल्यावर हळूच दादांच्याही बघायच्या, पिन घालायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. सहाव्या मजल्यावर पोचला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. मशीनच्या खोलीत सवयीनं डोकं आपटलं. टॉर्च आधी ब्रेकच्या डाव्या हातावर मारला, कारण तसं सांगून आला होता.

वरच्या नटाला पिन होती. खालच्या नटाचं भोक रिकामं होतं.

इथं बघणारं कुणी नव्हतं. पिन घालायची, खाली जाऊन ‘पाचच होत्या’ म्हणायचं, संपलं. दादांवर घेतलेला संशय आणि स्वतःची चूक, दोन्ही एका पकडीत मिटणार होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पिन घातली. पाकळ्या वळवल्या, दोनदा ओढून पाहिल्या आणि तो तसाच खाली धावला. ब्रेकच्या उजव्या हाताकडे बघायचं त्याच्या डोक्यातूनच गेलं. कमी असलेली एक सापडली होती ना.

खाली व्यवस्थापक उभाच होता. त्याच्यासमोरच लांब्या म्हणाला, “माझी राहिली होती. खालच्या नटाची. मी विसरलो.”

ताईनं आ वासला. व्यवस्थापकाला धड काही कळलं नाही, पण चूक झाली एवढं कळलं आणि त्यानं चढा सूर लावला, “अहो, ही काय पद्धत आहे?” लांब्या हसला नाही. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला आणि पहिल्या फेरीसाठी एकटा लिफ्टमध्ये शिरला. बटण दाबलं. दार सरकायला लागलं.

मधे एक बूट आला. दार बुटाला लागून मागं गेलं. दादा होते.

“थांब,” ते आत शिरून हळू आवाजात म्हणाले. “माझ्या दोन बघितल्यास का?”

“नाही. एकच कमी होती ती...”

“घातल्यात मी. पण पाकळ्या वळल्या की नुसत्या दाबल्या गेल्या, ते मला दिसलं नाही.” दादांनी डोळे चोळले. “जवळचं दिसत नाही रे लांब्या. चार महिने झाले. कळलं तर घरी बसवतील म्हणून आठ दिवस तुझ्यासमोर तोंड उघडलं नाही. जुन्या फोरमनला चुकवत होतो, तुलाही चुकवणार होतो.”

आठ दिवस लांब्या ज्याला रुसवा समजत होता, ती भीती होती. त्याच्या पोटात होती तशीच.

“अजून वीस मिनिटं लागतील,” त्यानं दाराबाहेर तोंड काढून सांगितलं.

“पुन्हा काय झालं?” व्यवस्थापक ओरडला.

“माझं बघायचं राहिलंय एक. चूक माझीच. तक्रार लिहायची असेल तर माझ्यावर लिहा.”

दोघं जिना चढले. दादांना तिसऱ्या मजल्यावर टेकावं लागलं, तर लांब्याही शेजारच्या पायरीवर बसला. वर पोचल्यावर लांब्यानं उजव्या हाताची पहिली पिन ओढून पाहिली. पक्की होती. दुसरीला नुसतं बोट लावलं आणि ती अलगद त्याच्या तळहातावर आली.

दादा भिंतीला टेकले. “संपलं माझं,” म्हणाले.

लांब्यानं त्यांच्या हातात पिन ठेवली, मग पक्कड ठेवली.

“चष्म्याचं उद्या बघू, मी येतो बरोबर,” तो म्हणाला. “आता तुम्ही वळवा. मी टॉर्च धरतो.”

दादा ब्रेककडे वळले आणि बारा वर्षांपूर्वी उभा राहायचा तसा तो मान वाकवून त्यांच्या खांद्यामागे उभा राहिला.