ज्योतीरामाच्या नावाचा जोंधळा

"भाऊ किती?" हेळव्यानं विचारलं.

"कुणी न्हाई. एकलाच हाय मी," मी म्हणालो.

दारात माझी बायको शालन जोंधळा पाखडत होती. तिचे हात थांबले. मी तिच्याकडे बघितलं नाही.

हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांगत फिरणारा माणूस. नंदीवर बसून येतो, नंदीच्या गळ्यातल्या घंटेनं वस्तीला आधीच कळतं. मूळ पुरुषापासून नावं म्हणतो, मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते वहीत लिहितो, धान्य घेतो आणि जातो. हा आमच्याकडे अठरा वर्षांनी उगवला होता. आणि उगवला कधी, तर पिंपरीच्या माळावर सरकारी कारखाना येणार म्हणून मोजणीवाले आमच्या रानात लाल झेंडे रोवून गेले, त्याच आठवड्यात. अठरा वर्षं ज्याला आमची आठवण नाही, त्याला नेमकी आताच घरातली माणसं मोजायची होती. माझा स्वभाव संशयी आहे, मान्य. पण तुम्हाला तरी संशय आला नसता का?

मी त्याला पारखून बघितलं.

"माझ्या पणज्याचं नाव काय?"

"यशवंतराव."

"त्याच्या बायकोचं?"

"कौशल्याबाई."

दोन्ही बरोबर. तसा माझा संशय आणखीच वाढला. इतकं घडाघडा सांगतो म्हणजे कुणीतरी पढवून धाडलेला. आणि धाडणार कोण? ज्योतीराम.

ज्योतीराम माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी मोटेचा नाडा, म्हणजे पाणी ओढायचा दोर, एका सकाळी तुटलेला सापडला. त्यानंच मुद्दाम कापला, असं मी चार माणसांत बोललो. पुढं कळलं की उंदरांनी कुरतडला होता, पण तोवर तो गेला होता. उलट एक शब्द बोलला नाही. बायकोला घेतलं, दापोडीला कामाला लागला आणि तिथंच चाळीत राहिला. जाताना जमिनीचा वाटासुद्धा मागितला नाही. तेच मला खुपत होतं. न मागता जाणारा माणूस एक दिवस सगळंच मागायला येतो, असं माझं ठाम मत. आता जमीन जाणार आणि बदल्यात दुसरी मिळणार, अशी कुणकुण होती. म्हणजे तो दिवस आला होता. वहीत भाऊ लिहिला गेला की वाटेकरी तयार.

हेळव्यानं वहीचं पान उलटलं. "माझ्या बापानं दोघं लिवल्यात. हिंदुराव आन ज्योतीराम."

"गेला त्यो," मी म्हणालो. "पटकीच्या साथीत. मागं कुणी न्हाई."

"अवो," शालन म्हणाली.

"तू आत जा."

ती आत गेली नाही. हेळव्यानं दोघांकडे बघितलं. डोक्याला मळकं पागोटं, पांढऱ्या मिशा, चेहऱ्यावर काही म्हणून दिसत नव्हतं. असल्या माणसांचा मला फार राग येतो.

"बरं," तो म्हणाला. "मग रीत करा. मेल्याच्या नावानं घरच्या बाईनं सुपात शेरभर जोंधळा घालायचा आन तोंडानं नाव घ्यायचं. मगच मी लिवणार."

शालननं सूप जमिनीवर ठेवलं. "माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

"घाल म्हनतो ना."

"तुमी घाला. तुमचा भाऊ हाय."

मी घातला. सूप रिकामं केलं, कणगीतून शेर भरून आणला, ओतला आणि म्हणालो, "ज्योतीराम." लहानपणी विहिरीच्या काठावरून हाक मारायचो तेच नाव. 

हेळवी उठून उभा राहिला आणि नंदीच्या पाठीवर हात ठेवून वंशावळ म्हणायला लागला. सुरुवात मला तोंडपाठ होती, आमच्या घराण्याची शानच ती. मूळ पुरुष आबाजी आणि त्याची बायको रुक्मिणीबाई माण देशातून या माळावर आले, तेव्हा इथं हिवर-बोरीच्या काट्यांशिवाय काही नव्हतं. बैल एकच होता. जुवाच्या दुसऱ्या बाजूला रुक्मिणीबाईनं खांदा दिला, म्हणून नांगराचं पहिलं तास निघालं. नवऱ्यानं विहीर खणली, बायकोनं माती वर ओढली. आसपासच्या वस्तीतली पहिली विहीर आमची. पोळ्याला पहिली बैलजोडी अजून आमची निघते ती त्यामुळंच.

पण हेळव्यानं तिथून सुरुवात केली नाही. तो आणखी मागे गेला.

"आबाजीला थोरला भाऊ हुता. चिमाजी. आबाजी बैलांचा तांडा घिऊन घाटाखाली गेला, सा म्हयनं आला न्हाई. तवा आमचा हेळवी दारात गेला. त्येनं इचारलं, भाऊ किती? चिमाजी म्हनला, एकला हाय मी. धाकला मेला. सुपात जोंधळा घातला. आमच्या हेळव्यानं त्यो घेतला, खाल्ला आन लिवलं, आबाजी निर्वंश."

मी ओट्याची कड धरली.

"आबाजी परत आला तर त्येच्या नावाचं सुतक फिटल्यालं. बायकोच्या कपाळाला कुकू न्हाई. त्यो भांडला न्हाई. बायकोला घितलं आन निघाला. चार वर्सांनी आमचा हेळवी ह्या माळावरनं चालला हुता, तर मेल्याला मानूस हिर खनताना दिसला. तिथं नवं पान घातलं. तुमचं घरानं त्या पानावर हाय, हिंदुराव. तुमच्या वडलांना ह्ये ठावं हुतं. त्ये माझ्या बापाला एवढं वगळाया लावायचे."

त्यानं नंदीच्या मानेवर थोपटलं.

"तवापास्नं आमची बी एक रीत हाय," तो म्हणाला. "ह्या घरात मेल्याचा जोंधळा आमी उचलत न्हाई, त्येच्या दारात जाऊन आल्याबिगर." त्यानं वही मिटली. "परवा दापोडीला जाऊन आलोय. सडकंवर घंटा ऐकून ज्योतीरामच धावत आला. दोन लेकी हायती. पोरींची नावं आमी लिवत न्हाई, पर त्यानं लिवाया लावली. म्हनला, आधी दादाचं घर लिवा, मग माजं. आन म्हनला, जमीन चाललीया, वस्ती उठंल. पुढच्या खेपंला दादा कुटं गावला न्हाई, तर मला इचारा. मी ठावठिकाणा ठेवीन."

"त्येनं शिकवून धाडलं तुला," मी म्हणालो. शप्पत सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून हेच आलं. मला माझीच शिसारी आली.

हेळव्याला राग आला नाही. "काय लिवू, तेवढं सांगा. जिता का मेला?"

मी सुपातल्या जोंधळ्याकडे बघितलं. त्यानं वाट बघितली, मग सूप हातानं हळूच माझ्याकडे सरकवलं, नंदीवर बसला आणि निघून गेला. घंटा बराच वेळ ऐकू येत होती.

मी सूप उचलून कणगीकडे निघालो. शालननं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"ह्यो घरात न्हाई ठेवायचा," ती म्हणाली. तिनं जोंधळा जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधला, वर गुळाचा खडा ठेवला, पायात वहाणा घातल्या. "दापोडीला जाते. पोरींना भाकरी करून घालीन ह्याची."



ती अंगणात जाऊन थांबली. "भाऊजींनी इचारलं, दादानं कशापायी धाडलं, तर काय सांगू?"

"त्यो इचारायचा न्हाई," मी म्हणालो. "त्येनं कधी काय इचारलंय?"

ती गेली. डोक्यावर गाठोडं घेऊन मोजणीच्या लाल झेंड्यांमधून विहिरीला वळसा घालून सडकेला लागली. तिच्याबरोबर जायला हवं होतं मला. मी ओट्यावर बसून राहिलो आणि सांडलेले चार दाणे वेचत बसलो.