खडूवरची ओल

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी टेपवाला यायचा. शिवणबाईंच्या घराची पायरी चढणारं एवढं एकच माणूस, आणि तेही बाईंसाठी नाही, अंगणातल्या विहिरीसाठी.

टेपवाला पाणीखात्यातला. त्याचं काम ऐकलं तर कुणालाही हसू यावं. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजलाय ते बघून पाणी किती खोल गेलं ते लिहून घ्यायचं. संपलं. बाईंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवलेले. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही पोट टेपवर आणि खडूवरच की!" तेव्हापासून खडू बाईंच्या शिवणाच्या डब्यातला, आणि चहाही बाईंचाच.

चहा पिता पिता त्यानं जमिनीखालचं सगळं समजावलं होतं. बाईंनी ते शिवायच्या कोटासारखं ध्यानात ठेवलं. वरचं कापड म्हणजे वरच्या पाण्याचा थर, मधला कडक कॅनव्हास म्हणजे चिकणमाती आणि सगळ्यात खाली अस्तर, खोल पाण्याचं. नवऱ्यानं विहीर खणली ती चिकणमाती लागेपर्यंत. पुढं त्याच्या पहारीनं हात टेकले. शेजाऱ्यांनी यंत्रं आणून बोअर मारले आणि थेट अस्तराला हात घातला. गल्लीच्या नळाचं पाणीही तिथलंच. वरच्या पाण्याची कुणाला गरजच उरली नाही. अंगणं फरशीनं बंद केली, तेव्हा वरून मुरणार तरी काय? बिचारं आपलं आपण आटत चाललं.

रविवारी मुलाचा फोन यायचा, दूरच्या शहरातून.

"आई, बरी आहेस ना?"

"मजेत."

"काही हवंय?"

"छे रे. मला काय हवं असणार?"

फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं, की बाई उगाच रिकामं शिलाई मशीन चालवून बघायच्या.

एका सोमवारी टेपवाल्यानं टेप वर ओढली आणि जेमतेम भिजलेलं टोक त्यांना दाखवलं. "मावशी, आता ही काही फार दिवसांची सोबती नाही. कोरडी पडली की साहेब ही विहीर बंद करतील. मग मला पलीकडच्या बोअरवर पाठवतील."

"म्हणजे तुम्ही येणार नाही?"

"इथं येऊन करू काय?"

खरंच, काय करणार? पण तो चहाचा एक कप गेला, तर महिनाभर 'साखर पुरे का?' असं विचारायलाही कुणी उरणार नव्हतं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. बाईंनी म्हण उलटी फिरवली. त्याच्या पुढच्या खेपेच्या आदल्या रविवारी नळाला झाडांचा पाइप जोडला, दुसरं टोक विहिरीत सोडलं आणि दिवसभर चालू ठेवला. तळाला चिकणमाती, त्यामुळे पाणी चटकन मुरणारं नव्हतं. सोमवारी सकाळी पाइप गुंडाळून न्हाणीघरामागं लपवला आणि चहाचं आधण ठेवलं.

टेपवाल्यानं खडू पाहिला, डोळे चोळले, पुन्हा टेप सोडली. "अहो, सगळीकडे पाणी उतरतंय आणि तुमचं चढतंय!"

"असेल बाई," म्हणत बाईंनी नजर कपात घातली. जीव भांड्यात पडला होता. त्या दिवशी तो दोन कप प्यायला.

असं चारपाच महिने चाललं. मग त्यानं पाणी बाटलीत भरून नेलं, तिथंच माशी शिंकली. पुढच्या खेपेला तो आला तो नवा शर्ट घालून.

"मावशी, प्रयोगशाळेनं सांगितलं, तुमच्या विहिरीत खालच्या थराचं पाणी आहे! साहेबांचं म्हणणं, मधली चिकणमाती कुठंतरी फाटलीय आणि खालचं पाणी वर दाबून येतंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली त्यांनी. पुढच्या आठवड्यात यंत्र येतंय, विहिरीशेजारी खणून बघायला. वर माझं नाव घालून अहवाल जाणार."

बाईंनी बशी खाली ठेवली. गप्प बसलं, तर हा माणूस वर्षभर येत राहील, कदाचित दर आठवड्याला येईल. आणि मग चारचौघांत तोंडघशी पडेल, नवा शर्ट घालून. त्यांना ते चित्र सहन होईना.

"चला," त्या म्हणाल्या आणि त्याला न्हाणीघरामागं घेऊन गेल्या.

टेपवाला पाइपाकडे बघत राहिला. मग नळाकडे. मग विहिरीकडे.

"नळाचं पाणी," तो म्हणाला. "अहो, ते खालचंच असतं."

"मला काय ठाऊक ते बाटलीत ओळखू येतं म्हणून."

"पण का, मावशी? तुम्हाला तर या विहिरीचं पाणी लागतसुद्धा नाही!"

बाईंना पदर कुठं ठेवावा कळेना. "तुम्ही येणं बंद झालं असतं."

त्यानं पाइपाचं टोक उचललं आणि परत खाली ठेवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला सांगायचं होतं ना."

"काय सांगू? या हो, म्हणून? कुठल्या नात्यानं?"

त्यानं टेप गुंडाळली. रागानं की लाजेनं, कोण जाणे. फाटकाशी जाऊन तो वळला. "विहीर कोरडी असेल तर कोरडी म्हणायचं असतं, मावशी. आमच्याकडे कोरडी हीसुद्धा नोंद असते. ती कळली की निदान पुढचं काही करता येतं. खोटं पाणी भरलंत, तर आम्हाला कळणार कसं?"

चहा तसाच राहिला. त्याची साय बाईंनी दुपारी काढली.

यंत्र आलं नाही. पुढचा पहिला सोमवार आला, टेपवाला आला नाही. बाईंनी चहा मात्र दोन कप केला आणि दोन्ही प्यायल्या. मग डब्यातून खडू काढला, एका दोरीच्या टोकाला दगड बांधून त्याच्या वर फासला आणि दोरी विहिरीत सोडली. दगड तळाला लागेपर्यंत सोडली. वर ओढली तर खडू पांढराफेक, कोरडा ठणठणीत.

रविवारी फोन वाजला.

"आई, बरी आहेस ना?"

"म..." एवढं तोंडून गेलं. बाई थांबल्या. खिडकीतून विहिरीचा काठ दिसत होता.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय रे. बरी नाहीये मी. म्हणजे तब्येत ठीक आहे. पण एकटी आहे. फार एकटी आहे. इथं कुणी येत नाही."

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. तो कुठंतरी चालत असावा. मग तो थांबला.

"कधीपासून?" मुलानं विचारलं.

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या.