पाठ टेकल्यावर

चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या कॉलनीतल्या सगळ्या बायकांना एकाच रंगाचा ब्लाउज हवा असतो. पांढरा. साड्या पांढऱ्या, ब्लाउज पांढरे, आणि शिवणारी मी एकटी. पांढऱ्यावर पांढरा धागा चालवून चालवून दुपारपर्यंत डोळ्यांपुढे नुसतं दूध पसरतं. त्या दिवशी सत्ताविसावा ब्लाउज हातावेगळा करून उठले, आणि पाहते तर रोशनी अजून टीव्हीसमोरच.

तिचा भाऊ बुद्धभूषण पुण्याला नोकरीला गेला, त्याचं गेमचं खोकं घरीच राहिलं. त्यात दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना तुडवतात. बाकी काही नाही. चार महिने माझी मुलगी तेच करत होती. त्याआधी ती रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर पळायला जायची. पोलीस भरतीच्या आठशे मीटरमध्ये दुसऱ्या वळणावर पडली, तेव्हापासून बूट माळ्यावर.

नव्या भरतीचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती. संध्याकाळी सहापर्यंत.

"रोशनी, साडेचार झाले."

"हं."

"फॉर्म?"

"बघू गं मम्मी."

हे 'बघू' मी महिनाभर ऐकत होते. आता भांडायचीही ताकद नव्हती. तिच्याशेजारी सतरंजीवर बसले, ते खरं तर पाय लांब करायला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं रिमोट माझ्या मांडीत टाकलं.

"एक राउंड जिंक. लगेच भरते फॉर्म. दहा चान्स देते, वय बघून."

"आणि दहाही हरले तर?"

"तर फॉर्मचं नाव काढायचं नाही. परत कधीच."

हे बोलताना ती हसली नाही. मी रिमोट उचललं. दुसरं होतं काय हातात?

मी एक जाडा पैलवान निवडला. "हा आपल्या मोतीराममामासारखा दिसतो."

"मामा निदान जेवताना तरी हात हलवतो."

तिची वेणीवाली पोरगी आली, लाथ घातली, माझा पैलवान हवेत. मी घाबरून सगळी बटणं दाबली. तो धपकन आडवा, आणि ती त्याच्यावर उभी. सहा राउंड हेच. मी दाबतेय, तो पडतोय. वर माझा उजवा पाय सतरंजीवर आपोआप पायडल मारत होता.

"मम्मी, काय शिवतेयस खाली?"

"तुझं थोबाड."

सहाव्यानंतर तिला माझी दया आली असावी. "ऐक. फटका बसला ना, की थोडा वेळ तो तुझा नसतो. हवेत असताना कितीही दाब, ऐकणार नाही. पाठ जमिनीला टेकली की दाबायचं. एकदाच. मग लोळून बाजूला होतो आणि उभा राहतो."

"आणि आधीच दाबलं तर?"

"आधी दाबलं तर..." ती थांबली. पडद्यावर वेणीवाली जागच्या जागी झुलत होती. "तर परत तुडवतात."

भरतीच्या दिवशी मैदानाच्या दोरीपलीकडे मीही उभी होते. ही पडली, आणि धड पडायच्या आतच उठायला गेली. मागून येणारीच्या पायात आली. गुडघा फुटला तो त्या दुसऱ्या पडण्याने. दोन श्वास पडून राहिली असती, तर... ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, मी कधी विचारलं नाही.

माझ्याकडे शिवण शिकायला पोरी येतात. मशीनचं चाक उलटं फिरलं की धाग्याचा गुंता होतो, आणि त्या घाबरून आणखी जोरात पाय मारतात. वीस वर्षं मी एकच ओरडतेय, आधी पाय उचल. सातव्या राउंडला मी स्वतःचा उजवा पाय ओढला आणि त्याच्यावर बसले.

पैलवान उडाला. मी नुसतं बघितलं. पाठ टेकली. दाबलं. तो लोळला आणि उभा राहिला.

"अगं बाई!" रोशनी ओरडली.

तरी सातवा हरले. आठवा, नववाही. पैलवान दर वेळी उठायचा, पण उठून पुढे काय करायचं हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

दहाव्यात पडद्यावरची माझी जिवाची पट्टी नखाएवढी उरली होती. उठले, एक बुक्की मारली. लागली. वेणीवाली हवेत गेली, पाठीवर पडली. आता रोशनीने बटण दाबायचं. मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा बटणावर होता. हलला नाही. मी परत मारलं. पुन्हा पडली, पुन्हा अंगठा तसाच.

माझा जन्म टाके घालण्यात गेला. सुटलेला टाका कुठला आणि मुद्दाम सैल सोडलेला कुठला, ते मला कळतं.

"जिंकलीस," ती टीव्हीकडे बघत म्हणाली.

"मग! समजलीस काय मला."

पाच वाजून गेले होते. तिने मोबाइलवर फॉर्म भरला, फोटो चढवला. शेवटचं बटण दाबल्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय.

"दाब ना परत," मी म्हणाले.

"नको. थांब. दोनदा दाबलं की सगळं पहिल्यापासून."

आम्ही दोघी त्या चक्राकडे बघत बसलो. मध्येच माझा फोन वाजला. मला वाटलं ओटीपी, तर चिमणाबाई. "सुमनबाई, झाला का हो माझा ब्लाउज?" उद्या देते म्हणाले आणि ठेवला. मग ओटीपी आला. मी आकडे वाचले, तिने भरले. फॉर्म गेला.

तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "बूट माळ्यावर कुठे ठेवलेस?"

"पुढेच आहेत. पण उद्या काढू. आज माझ्याने स्टुलावर चढवणार नाही."

"तू बस."

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी अठ्ठाविसाव्या ब्लाउजची बाही घेऊन मशीनवर बसले. उजवा पाय अजून बधिरच होता. तो जागा होईपर्यंत चाकावर हात ठेवून तशीच बसून राहिले.