जनकाबाईंच्या गाडीचा खरा डिस्ट्रिब्युटर

मित्रांनो, मी एक जुना डिस्ट्रिब्युटर आहे. विलायतेत बनलेल्या, दोनच माणसं बसतील अशा लाल स्पोर्ट्स कारचा. कॉइलकडून आलेला करंट इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगना पाळीपाळीने वाटायचा, एवढंच माझं काम. पण त्यात वेळ चुकून चालत नाही. ठिणगी जराशी आधी पडली की इंजिन आतून ठकठक ठोकू लागतं, उशिरा पडली की तापतं. माझ्या पोटात दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा आहेत. ठिणगी केव्हा पाडायची ते ती ठरवतात. हे माप प्रत्येक गाडीचं वेगळं. म्हणून कारखान्यात माझ्या अंगावर पाच आकडी नंबर ठोकला आणि त्याखाली साल, बासष्ट.

मलकापूरचे कापसाचे व्यापारी नारायणराव यांनी ही गाडी मुंबईहून आणली. हौस त्यांची होती, पण गाडीवर हात बसला तो त्यांच्या पत्नीचा, जनकाबाईंचा. पदर खोचून त्या राजूर घाट चढायच्या, बुलढाण्याला माहेरी जेवायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायच्या. पुंजाजी मिस्त्री दर दोन महिन्यांनी माझी टोपी, म्हणजे वरचं झाकण, उघडून आतले पॉइंट घासायचे. असला भाग आता बनत नाही, असं ते म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं.

एकोणतीस वर्षांपूर्वी एका लग्नाला निघताना गाडी दारातच बंद पडली. माझ्या टोपीतला कार्बनचा लहानसा तुकडा तुटला होता, बाकी मी धडधाकट होतो. पण वऱ्हाड खोळंबलं होतं. पुंजाजींनी मला काढलं आणि एका टॅक्सीचा डिस्ट्रिब्युटर बसवला. तो दिसायला हुबेहूब माझ्यासारखा. गाडी सुरू झाली. मी पुंजाजींच्या गॅरेजात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो आणि तिथेच राहिलो.

गॅरेजात जे बोललं जाई ते डब्यात ऐकू यायचं. त्या लग्नानंतर गाडी घाटात ठोकू लागली. पुंजाजींनी ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, तर ती तापू लागली. त्यांनी कार्बोरेटर खोलला, प्लग बदलले. काही उपयोग होईना, तेव्हा नारायणरावांना त्यांनी सांगून टाकलं की वहिनींचा पाय ॲक्सिलरेटरवर जड पडतो. नातेवाइकांनीही तेच धरलं. एक दिवस जनकाबाईंनी किल्ली खुंटीला लावली, ती परत काढली नाही.

नारायणराव गेले. यंदा जनकाबाईंनी गाडी विकायचं ठरवलं. घेणारा रविवारी येणार होता. त्याआधी गाडी चालती करून द्या, असं त्यांनी डिंपलला सांगितलं. डिंपल ही पुंजाजींची मुलगी. वडिलांची नजर अधू झाल्यापासून हायवेवरचं गॅरेज तीच चालवते.

डिंपलची एक सवय चांगली आहे. ती आधी वाचते. गाडीच्या कप्प्यातलं जुनं पुस्तक काढून तिने डिस्ट्रिब्युटरचा नंबर पाहिला. गाडीवरच्या भागाचा नंबर वेगळाच निघाला. मग तिने फळीवरचे डबे उपसले. मला रॉकेलने धुतलं, अंगावर खडू घासला. आकडे पांढरे उमटले. तिने ते पुस्तकाशी दोनदा ताडून पाहिले. दोघांच्या स्प्रिंगा शेजारी ठेवल्या, तर टॅक्सीच्या भागाची तार माझ्या तारेहून बारीक होती. त्याची वजनं लवकर उघडायची, ठिणगी आधीच पडायची. घाटातल्या ठोक्याचं कारण एवढंच होतं.

तिने हे वडिलांना सांगितलं. पुंजाजींनी मला हातात घेतलं आणि नंबरावरून अंगठा फिरवला.

"तू नको सांगू," ते म्हणाले. "मीच सांगतो वहिनीले."

खामगावहून आणलेल्या चार टोप्यांपैकी एकच मला नीट बसली. शनिवारी सकाळी जनकाबाई आल्या, तेव्हा मी माझ्या जागी होतो आणि इंजिन एका लयीत चालत होतं. पुंजाजी स्टुलावरून उठले.

"वहिनी, तुमचा पाय बरोबर होता. भाग मी चुकीचा लावला होता. नंबर पाह्यलाच नाही, अन् बोल तुमाले लावला."

जनकाबाईंनी बॉनेटवर हात टेकला.

"एकोणतीस वर्षं मी माह्या पायालेच दोष देत राह्यली, पुंजाजी."

डिंपलने हातातल्या फडक्याची घडी केली.

"बसा गाडीत," जनकाबाई पुंजाजींना म्हणाल्या. "घाट चढून पाहू."

सुरुवातीला दोनदा गिअर अडकला. मोताळ्यापर्यंत त्यांचा हात सैल झाला. राजूर घाटात पहिल्या वळणावर पुंजाजींनी कान पुढे केला. मी वजनं हळूहळू उघडत होतो, ठिणगी जिथे हवी तिथेच पडत होती. एकही ठोका नाही. माथ्यावर थांबू या का, असं पुंजाजींनी विचारलं. जनकाबाई थांबल्या नाहीत, थेट बुलढाण्याला गेल्या. संध्याकाळी त्यांनी घेणाऱ्याला फोन करून सांगितलं की रविवारी यायची गरज नाही, गाडी वापरात आहे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. यंत्र अडखळलं की चालवणाऱ्याला बोल लावायची घाई करू नका. आधी झाकण उघडा, धूळ पुसा आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा.